तंदूर होता ती जागा

माझी मुलगी फ्रान्समधल्या ज्या लहानशा गावात राहते, तिथे एकदा एक राजा एक रात्र झोपला होता. चौकातल्या एका घरावर तशी संगमरवरी पाटी आहे. राजाने तिथे याहून जास्त काही केलं नाही. लढाई जिंकली नाही, तह केला नाही, गावाचा सारा माफ केला नाही. कुठून तरी कुठे तरी चालला होता, रात्र झाली, झोपला, सकाळी उठून गेला. पाटीखाली पावाचं दुकान आहे. ते चालवणाऱ्या बाई म्हणतात की राजाचं पोट बिघडलं होतं म्हणून तो थांबला, आणि पाटी लावणाऱ्यांनी नेमका तेवढा तपशील गाळला. बाईंकडे पुरावा काही नाही, पण पाटीकडे तरी कुठे आहे?

हे गाव मी पाहिलेलं नाही. मी राहतो राबिघला. जेद्द्याहून समुद्र डाव्या हाताला ठेवून उत्तरेला निघालं की दोनेक तासांत रिफायनरीच्या चिमण्या दिसू लागतात, ते राबिघ. तिथल्या पंपांच्या दुरुस्तीचं वेळापत्रक लावणं हे माझं काम. कुठला पंप कधी उघडायचा हे ठरवता ठरवता पंचवीसहून जास्त वर्षं गेली. मुलगी जन्मली जेद्द्याला, कारण तेव्हा बाळंतपणाला सगळे जेद्द्यालाच जात. वाढली राबिघला. पुढे गुजरातेत जाऊन दुधाचं शास्त्र शिकली, आणि चीज बनवणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी मिळाली म्हणून त्या फ्रेंच गावात जाऊन पोहोचली. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या खाडीकाठच्या गावात माझ्या नात्यातल्या बायका अजूनही विचारतात की पोरगी पॅरिसला कशी आहे. पॅरिस तिच्या गावापासून तितकंच लांब आहे जितकी आमच्या गावापासून मुंबई, आणि तिथल्या लोकांचं पॅरिसबद्दलचं मतही साधारण तसंच आहे.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज होऊन मी घरी येतो तेव्हा तिथे दुपारच्या जेवणाची सुट्टी होते. ही सुट्टी भलतीच ऐसपैस असते. दुकानं बंद, पोस्ट बंद, नगरपालिका बंद. आमची मुलगी डबा घेते, फोन पुढे धरते आणि चालायला लागते. असं शुक्रवारामागून शुक्रवार चालत चालत मी ते गाव पाठ केलं.

गावाच्या वर टेकडीवर किल्ल्याचा बुरूज आहे, तोही अर्धा. उरलेला अर्धा गावकऱ्यांनी गेल्या काही शतकांत हळूहळू घरी नेला. कुणाच्या गोठ्याची भिंत, कुणाच्या विहिरीचा काठ, शाळेचं जोतं. किल्ला उभा असताना त्याचा गावाला एवढा उपयोग कधी झाला नसेल. खाली चर्चचं शिखर आहे, ते पिळलेलं आहे. म्हणजे ओला टॉवेल पिळावा तसं. सुतारांनी ओलं लाकूड वापरलं, ते वाळताना फिरलं, आणि आता ते पाहायला लांबून लोक येतात. पुरेसा काळ गेला की ठेकेदाराची चूकसुद्धा प्रेक्षणीय होते. आमच्या प्लांटमध्ये एवढा काळ कुणी देत नाही.

चौकात लाकडी खांबांवर उभा असलेला जुना बाजार आहे. भिंती नाहीत, नुसतं प्रचंड छप्पर. एका खांबावर लोखंडी पट्टी ठोकलेली आहे. कापड कमी मोजल्याची तक्रार आली की गिऱ्हाईक आणि व्यापारी दोघांनी त्या पट्टीपाशी यायचं. आता तिथे शनिवारी कांदे, कोंबड्या आणि चीज विकतात. एकेकाळी गावात कातड्याचा कारखाना होता, त्यासाठी रेल्वे आली होती. कारखाना बुडाला, रेल्वे गेली, रूळ उखडले, तिथून आता सायकली जातात. स्टेशनच्या इमारतीत मुलं पिआनो शिकतात. तरीही रस्ता सांगताना माणसं म्हणतात, स्टेशनच्या अलीकडे वळा. मुलीला पहिल्या महिन्यात वाटायचं की आपलं फ्रेंच कच्चं आहे.

नगरपालिकेसमोर पहिल्या मोठ्या युद्धात मेलेल्यांच्या नावांचा स्तंभ आहे. तिने एकदा ती नावं मला वाचून दाखवायला सुरुवात केली. एकच आडनाव तीनदा आलं, मग दुसरं एक चारदा. ती मध्येच थांबली. गावाच्या आकाराच्या मानाने स्तंभ फार उंच आहे. तिथे मला काही चेष्टा सुचली नाही.

तिची आवडती जागा म्हणजे नदीकाठचं धुणं धुवायचं ठिकाण. वर कौलं, खाली पाण्याकडे उतरत्या दगडी फरशा, गुडघे टेकायला खाचा. गावातल्या बायका तिथे कपडे आपटायच्या आणि गावातल्या माणसांनाही. वॉशिंग मशीन आलं आणि गावाचं सगळ्यात खात्रीचं वर्तमानपत्र बंद पडलं. आता तिथे फुलांच्या कुंड्या आहेत. मुलगी तिथे बसून डबा खाते. हे ठिकाण पाहिल्यावर माझ्या बायकोने पहिल्यांदा त्या गावाबद्दल बरा शब्द काढला. तोवर तिचं म्हणणं होतं की जिथे दुपारी दुकान बंद असतं तिथे माणसाने राहू नये.

एक गंमत मात्र झाली. राबिघला असताना मुलगी आम्हाला इंग्रजीतून उत्तरं द्यायची. मी मराठीत विचारायचं, तिने इंग्रजीत सांगायचं, बायकोने हिंदीत ओरडायचं, असा आमचा संसार. त्या गावात गेल्यापासून ती घडाघडा मराठी बोलते. का, तर रस्त्यातून चालताना समोरून येणाऱ्या माणसाबद्दल मोकळेपणाने बोलता येतं. महापौरांबद्दल मी ऐकलं ते असंच, महापौर तीन फुटांवर असताना. ते गुरांचे डॉक्टर आहेत. कचऱ्याच्या नव्या पेट्यांचं उद्घाटन असलं तरी छातीवर तिरंगी पट्टा घालून येतात, फीत कापतात, टाळ्या थांबायच्या आत पट्टा खिशात कोंबतात आणि कुणाची तरी गाय अडली आहे तिकडे धावतात. पट्टा खिशात कोंबणारा पुढारी मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही.

तर या उन्हाळ्यात आमचं राबिघ सोडून जायचं ठरलं. माझी साठी झाली, कंपनीने फायनल एक्झिटची तयारी करायला सांगितली. फायनल एक्झिट म्हणजे इकामा, तिथे राहण्याचा परवाना, परत करायचा, विमानात बसायचं, आणि ज्या गावात तुम्ही अर्धं आयुष्य काढलं तिथे तुमचं काही उरलं नाही असं समजायचं. मला त्याचं दुःख नव्हतं. आमच्या गावी खाडीकडे तोंड करून घर बांधलं आहे. त्याची बाल्कनी इतकी मोठी आहे की तिच्यात बसणाऱ्या माणसाला आपण कोणी तरी असल्याचा भास व्हावा. आता मी तिथे जाणार, आणि मुलगी सुट्टीला तिथे येणार, असं चित्र मी मनात केव्हाच रंगवून ठेवलं होतं. मुलीचा इकामा तर आधीच खलास झाला होता. सहा महिन्यांवर बाहेर राहिली, तो आपोआप मेला. तिला राबिघला यायचं तर आता टुरिस्ट म्हणून येता येईल. पण आम्ही गेल्यावर कुणाकडे?

त्याच सुमाराला तिचा फोन आला. सप्टेंबरात एका शनिवार-रविवारी त्यांच्याकडे जुन्या वास्तू लोकांसाठी उघडतात. बुरुजावर जाता येतं, शिखराच्या आत चढता येतं, महापौरांना पट्टा दोन दिवस घालावा लागतो. यंदा गावच्या मंडळाने नवी टूम काढली होती. गावात बाहेरून येऊन राहिलेल्या माणसांनी बाजाराच्या छपराखाली एकेक फळा लावायचा, आपापल्या गावाचा. फोटो, दोन ओळी इतिहास, महत्त्वाच्या जागा. मंडळाच्या अध्यक्ष एक निवृत्त शिक्षिका आहेत, त्यांना नाही म्हणता येत नाही. मुलगी म्हणाली, मला फोटो पाठवा.

मी त्याच आठवड्यात कामाला लागलो. चुलतभावाला गावात पिटाळलं. त्याने खाडीचे फोटो काढले, जेटीचे, लाकडी कोरीव खांबांच्या मशिदीचे, चिऱ्याच्या विहिरीचे, आमच्या घराचे दोन बाजूंनी. मी सोबत टिपण लिहिलं. अरबस्तानातून घोडे घेऊन येणारी गलबतं आमच्या खाडीत कशी शिरायची, हे त्यात होतं. ती आमच्याच खाडीत शिरायची याला पुरावा काही नाही. पण राजा झोपू शकतो तर गलबत शिरू शकतं.

शुक्रवारी ती धुण्याच्या जागेवर बसली होती. फोटो तिला आवडले. विहीर तर फारच. मग थोडा वेळ डब्यातलं काही तरी चिवडत राहिली आणि म्हणाली, "अब्बा, हे तुमचं गाव आहे. मला माझ्या गावाचे हवेत."

मी म्हटलं, "तुझं गाव कुठलं?"

"राबिघ. अजून कुठलं?"

तिच्या आवाजात भांडण नव्हतं. असतं तर बरं झालं असतं. मी तिला सांगितलं की राबिघ हे काही गाव नाही, आपण तिथे कामाला आलो आहोत. ती म्हणाली, तुम्ही आला असाल, मी कुठे आले, मी तर होतेच. मी फोन बायकोकडे दिला.

बायको नंतर माझ्यावर उखडली. तिचं म्हणणं, दोन वर्षांतून एकदा पोर गावी जायची, त्यातली अर्धी सुट्टी लग्नांत जायची आणि उरलेली पोट बिघडण्यात. तिला तुमची खाडी ओढ कशाला लावील? मी म्हटलं, मग हे घर मी कुणासाठी बांधलं. ती म्हणाली, बाल्कनीसाठी.

चार दिवस मी रुसलो. मग राबिघबद्दल वाचायला बसलो. वाचायला बसलो की माझा राग उतरतो, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. राबिघजवळ जुहफा आहे. इजिप्त आणि शामकडून, म्हणजे सीरियाकडून, येणारे हाजी तिथल्या हद्दीपाशी एहराम बांधतात, म्हणजे यात्रेची ती बिनशिवणीची पांढरी वस्त्रं नेसतात. जुहफा ओसाड पडलं, मग कित्येक शतकं काफिले राबिघलाच थांबत आले. एवढा मोठा इतिहास माझ्या घरापासून गाडीने अर्ध्या तासावर होता, आणि मी त्या फ्रेंच गावाच्या रेल्वेबद्दल वाचत होतो. मी दोन पानांचं टिपण लिहिलं. भाषा जरा भारदस्त झाली. काफिले, वाळवंट, श्रद्धा, युगं वगैरे.

मुलीने ते वाचलं आणि विचारलं, अब्बा, हे पाटीवाल्यांसारखं का लिहिलंय? तिला जुहफा नको होतं. जुहफाचा मान सगळ्या जगाचा, ती म्हणाली, तो माझ्या फळ्यावर कशाला. तिला तीन जागा हव्या होत्या. शाळेची बस जिथे थांबायची ते कडुलिंबाचं झाड. आमच्या जुन्या इमारतीची गच्ची, जिथून रिफायनरीच्या चिमणीवरची आग दिसते. आणि तमीसवाला.

तमीस म्हणजे अफगाणी रोटी. हातभर लांब, वर बोटांचे ठसे, तंदुरातून निघाली की वर्तमानपत्रात गुंडाळून मिळायची. शुक्रवारी सकाळी मी तिला घेऊन रांगेत उभा राहायचो. बायको गाडीत बसायची. अफगाण भट्टीवाला लहान मुलांना रांग मोडून पहिली रोटी द्यायचा, म्हणून रांगेतले बाप मुलांना पुढे ढकलायचे. घरी पोहोचेपर्यंत रोटीच्या कडा संपलेल्या असायच्या.

तर या तीन जागांचे जुने फोटो शोधायचं ठरलं. ते सोपं वाटलं होतं. आमच्याकडे फोटो कमी नाहीत. चार अल्बम, दोन हार्ड डिस्क, सगळ्यांचे जुने फोन. एक अख्खी संध्याकाळ आम्ही दोघं जमिनीवर बसून पाहत होतो. फ्रिजशेजारी बायको. मोठ्या टीव्हीशेजारी मी. जेद्द्याच्या कारंज्यापुढे तिघं. दुसऱ्याच कुणाच्या तरी पांढऱ्या गाडीला टेकून मी, काळा चष्मा लावून. विमानतळावर. मॉलमधल्या खोट्या झाडाखाली. पुन्हा कारंजं. गावी पाठवायला म्हणून काढलेले सगळे फोटो. गावात ते हातोहात फिरायचे, लोक फ्रिज किती मोठा ते पाहायचे. राबिघच्या रस्त्याचा एकही फोटो निघाला नाही. आमच्या इमारतीचा नाही, बाकाल्याचा, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाचा नाही, झाडाचा नाही, तमीसवाल्याचा नाही. दाखवण्यासारखं त्यात काय होतं? आणि घाई कसली होती, दर वर्षी आम्ही पुढच्या वर्षी कायमचे परत जाणारच होतो.

एका फोटोत मुलगी शाळेच्या कपड्यांत उभी आहे, पण मागे नवीन सोफा दिसावा म्हणून मी तिला घरात उभं केलं आहे. बायकोने तो बराच वेळ हातात धरला. मग म्हणाली, बाहेर काढला असता तर झाड आलं असतं.

पुढच्या शुक्रवारी तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजेनंतर, आम्ही दोघं निघालो. आता आम्ही गावाच्या दुसऱ्या टोकाला राहतो, त्या भागात बरेच दिवसांत जाणं नव्हतं. बरेच दिवस म्हणजे किती, यावर गाडीत आमचं एकमत झालं नाही.

झाड नव्हतं. रस्ता रुंद झाला होता, मधोमध खजुराची झाडं एका मापाची लावली होती, प्रत्येकाच्या पायाशी दिवा. छान दिसत होतं. कुणाचीही शाळेची बस तिथे थांबेल असं वाटत नव्हतं.

गच्ची होती. इमारतीचा राखणदार नवा होता, येमेनी. त्याला मी माझ्या मोडक्या अरबीत सांगितलं की मुलगी इथे वाढली, तिला फोटो हवा आहे. त्याने बायकोकडे पाहिलं, ती मान हलवत होती, मग त्याने किल्ली आणली आणि आमच्याबरोबर वर येऊन स्वतःही बघत उभा राहिला. वाळत घातलेल्या चादरींच्या पलीकडे ती आग होती, लहान, नारिंगी, उन्हात जेमतेम दिसणारी. जेद्द्याहून रात्री परत येताना मुलीला ती सगळ्यांच्या आधी दिसायची आणि ती गाडीत ओरडायची की घर आलं. मी त्या आगीकडे पंचवीस वर्षं पाहिलं ते ज्वाला जास्त मोठी तर नाही ना, एवढ्याचसाठी. जास्त मोठी असली की दुसऱ्या दिवशी माझं काम वाढतं.

तमीसवाल्याच्या दुकानाची ओळच्या ओळ पाडलेली होती. पत्र्याचं कुंपण, त्यावर पुढे काय होणार त्याचं चित्र. चित्रातल्या माणसांच्या हातात कॉफी होती आणि एकालाही घाम आला नव्हता. एका ठिकाणचा पत्रा निखळला होता, तिथून आत नुसता सपाट केलेला मुरूम दिसत होता.

मी मुलीला फोन लावला. शुक्रवारची तिची सुट्टी संपून कामावर जायची वेळ टळून गेली होती, पण तिने उचलला. मी तिला सांगितलं की झाड गेलं आणि तमीसवालाही गेला. फोन फिरवून मुरूम दाखवला. तिच्या मागे प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या फरशा दिसत होत्या. मला वाटलं आता ती म्हणेल, जाऊ दे, खाडीचे फोटो लावते. खरं सांगायचं तर तसं ती म्हणेल म्हणून मी थांबलो होतो.

ती म्हणाली, "तंदूर कुठे होता तिथे उभे राहा."

आम्ही निखळलेल्या पत्र्यातून आत गेलो. मी सरळ जाऊन एका जागी उभा राहिलो. बायको म्हणाली, तिथे नाही, अजून डावीकडे. मी म्हटलं, मी इतकी वर्षं रांगेत उभा राहिलो आहे. ती म्हणाली, रांगेत तुम्हाला पुढच्या माणसाची पाठ दिसायची, मी गाडीतून सगळं दुकान पाहत होते. आम्ही दोघं मुरमावर पावलं मोजत वाद घालत होतो, तेवढ्यात बाहेर ट्रक थांबवून एक पाकिस्तानी ड्रायव्हर आत डोकावला. "क्या गुम हो गया, भाईसाब?"

मी म्हटलं, तमीसवाल्याचा तंदूर.

तो हसला नाही. आत आला, चपला झटकल्या, कमरेवर हात ठेवून चारी बाजूंना पाहिलं आणि तिसरीच जागा दाखवली. तो ट्रक नेहमी मागच्या गल्लीत लावायचा, त्यामुळे त्याचा तंदूर पार उलट्या टोकाला होता. मग आमची तिघांची जुंपली. पुढून, गाडीतून आणि मागून. बायको त्याला हिंदीत सांगत होती की भाईजान, तिथे तर पिठाची पोती असायची. तो म्हणाला, "बाजी, बोरियाँ तो मैंने खुद उतारी हैं, वो इधर थीं।" फोनमधून मुलगी सांगत होती की आत भिंतीला एक हिरवी फरशी होती, ती शोधा. मुरमात फरशी कुठली सापडायला! पण आम्ही तिघंही खाली वाकून पाहत होतो. कुठल्याही किल्ल्याचं संशोधन यापेक्षा वेगळ्या रीतीने होत असेल असं मला वाटत नाही. फक्त त्यात शेवटी कुणी तरी पाटी लावतो.

ड्रायव्हरला माल पोहोचवायचा होता. जाताना तो म्हणाला की त्या रोटीसारखी रोटी आता राबिघमध्ये कुठे मिळत नाही, आणि आपल्याच जागेवर ठाम राहून निघून गेला.

बायकोने निकाल दिला. तुम्हाला वाटतं तिथे आणि मला वाटतं तिथे, दोन्हीच्या मध्ये उभे राहा. मी राहिलो. ऊन उतरलं होतं, डोळ्यांवर येत होतं. मागे पत्रा, खाली मुरूम, बाजूला काहीच नाही. फ्रिज नाही, गाडी नाही. हात कुठे ठेवायचे ते कळेना. बायको म्हणाली, जरा माणसासारखे उभे राहा. मी म्हटलं, मोकळ्या जागेत उभं राहायची सवय नाही. तिने फोटो काढला, मग अजून एक काढला, मग फोन खाली करून म्हणाली की इथे सकाळी किती गरम वास यायचा. आम्ही तिथे थोडे आणखी थांबलो. घाई काही नव्हती.

सप्टेंबरातल्या त्या शनिवारी आमच्या घरातलं निम्मं सामान कार्टनमध्ये गेलं होतं. दुपारी मुलीने फोन केला. बाजाराच्या छपराखाली गर्दी होती, महापौर पट्टा घालून फिरत होते, मागे कुठे तरी अकॉर्डियन वाजत होतं. तिने फोन तिच्या फळ्याकडे नेला. वर फ्रेंचमध्ये राबिघ. गच्चीवरून दिसणारी आग, वाळत घातलेल्या चादरींसकट. खजुरांची रांग, खाली लिहिलेलं की इथे बस थांबायची. आणि मधोमध, सगळ्यांत मोठा, मुरमात उभा असलेला मी.

तिने सांगितलं, सकाळी एक म्हातारे शेतकरी टोपी काढून त्या फोटोपुढे उभे राहिले. इथे काय आहे, त्यांनी विचारलं. तिने सांगितलं, इथे रोटीची भट्टी होती. त्यांनी रोटी कशी असायची ते विचारलं, लांबी हाताने दाखवायला लावली. मग विचारलं, आणि हा माणूस कोण?

"मग काय सांगितलंस?" बायकोने विचारलं.

"म्हटलं, माझे वडील. तिथलेच आहेत."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. खाडीचं नाव, गावाचं नाव, तालुका, जिल्हा, सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. तिकडे कुणी तरी मुलीला हाक मारली, ती मान वळवून फ्रेंचमध्ये काही तरी म्हणाली आणि पुन्हा आमच्याकडे वळली.

मी मुलीला म्हटलं, "बाय, फोटो जरा जवळून दाखव."